ताटलीतले बारीक दाणे

धुळा बंडगरनं सायकलच्या कॅरिअरवरून मेंढी उतरवली, गुडघ्यांत धरली, मानेवरची लोकर बोटांनी दोन्ही अंगांना सारली आणि मला शीर मोकळी करून दिली. मंगळवार होता. दर मंगळवारी तो आमच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी एक मेंढी घेऊन यायचा. घशातले, जखमेतले जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या, आम्ही त्यांना प्लेटा म्हणतो, त्या मेंढीच्या रक्ताशिवाय तयार होत नाहीत. पावशेर रक्त काढून झालं की मेंढी उठून अंग झाडायची आणि धुळा दर वेळी म्हणायचा, "घ्या रगतवाल्या बाई, झालं तुमचं. तुमाला लांबनं बघितलं तरी माझी मेंढरं मान लपवत्यात."

त्या मंगळवारी तो काहीच म्हणाला नाही.

"आज मुके का हो?" मी विचारलं.

"थोरलीला बरं न्हाई. दोन दिस झालं काय गिळंना."

"ताप आहे?"

"हाय बारीक. पर गळा लई सुजलाय, ताई. ह्या अंगानं त्या अंगानं. बैलाच्या मानंवानी दिसाय लागलीया."

रक्त घेतलेल्या चंबूत काचेचे मणी असतात. तो चंबू सारखा हलवत राहावा लागतो, नाहीतर रक्त गोठतं. मी हलवायची थांबले.

"धुळादादा, लस दिली होती का तिला? लहानपणी?"

"मेंढरामागं हुतो तवा आमी. कोन देनार रानात?"

"मेंढी ठेवा इथंच. आत्ताच्या आत्ता जा आणि तिला घेऊन या."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं एक शब्द विचारला नाही. सायकल उचलून निघाला. चंबूतल्या रक्ताची गुठळी झाली होती. ती मी मोरीत ओतली आणि दुसरं रक्त काढलं.

दुपारी सुंदराला आणली. दहा वर्षांची, काळीसावळी, हाडानं थोराड. तिच्या आईनं, हौसानं, तिला पाठीवर घेतलं होतं आणि मागून सहा वर्षांची धाकटी बिजली लुगड्याचं टोक धरून चालत होती. सुंदरानं माझ्यापुढं तोंड उघडलं तेव्हा घशात मागं राखाडी पापुद्रा दिसला, पावसाळ्यात भिंतीवर धरतो तसा. कापूस गुंडाळलेली काडी त्याच्या कडेला लागली तसं रक्त आलं. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. घटसर्प.

"सोपं हाय का अवघड?" हौसानं विचारलं.

"औषध मागवलंय," मी म्हणाले. ते खरं होतं. घटसर्पाच्या विषावरचा उतारा आमच्याकडे नव्हता. आमचे साहेब, डॉक्टर नायकवडी, सकाळी मी सांगितल्यापासून फोनला चिकटले होते. उतारा मुंबईहून निघाला आणि शुक्रवारी सकाळी पोचला. सुंदरा गुरुवारी दुपारी गेली.

प्लेट मात्र बुधवारीच बोलू लागली होती. त्याच मंगळवारच्या रक्तावर काळसर ठिपके उगवले होते. एकेक ठिपका म्हणजे जंतूंची एकेक वसाहत, एकाच जंतूची लाखो लेकरं. आता कामाची रीत सांगते, कारण सगळं तिथंच आहे. ठिपके उगवले की तारेच्या टोकानं एक ठिपका उचलायचा, वेगळा वाढवायचा, आणि त्याच्यावर औषधांच्या चकत्या ठेवून बघायचं, कुठल्या औषधानं मरतो. एकच ठिपका. सगळ्या जगात एकच उचलतात.

मी शेतकऱ्याची मुलगी. सुगीत आमच्या खळ्यावर बियाण्याची कणसं निवडायचं काम बायकांचं. आई कणसं निवडता निवडता म्हणायची,

*बियाला धरावं कणीस, मोत्यावानी टपोरं*
*बारीक दाणं टिपाया, आली चिमणीची पोरं*

हाताला लागलेली सवय डोळ्यालाही लागते. खिडकीच्या उजेडात मी प्लेट तिरकी धरली, ठसठशीत, कडेला पाकळ्या पाकळ्या असलेला एक टपोरा ठिपका पाहिला आणि उचलला. मनात, खोटं कशाला सांगू, ओवीही चालू होती. गुरुवारी त्याच्यावर चकत्या ठेवल्या. शुक्रवारी पाहिलं तर पेनिसिलिनच्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण होतं आणि एरिथ्रोमायसिनच्या भोवतीही तसंच. दोन्ही औषधांनी जंतू मरत होता. चला, निदान एवढं तरी, असं मी स्वतःशी म्हणाले.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला धुळाच्या वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रातून डॉक्टर शिंगाडेंचा फोन आला. तरुण, घाबरट, पण कामाला प्रामाणिक माणूस.

"कुमुदताई, साहेब आहेत का?"

"राउंडला गेलेत."

"मग तुम्हीच सांगा. वस्तीवर त्रेचाळीस माणसं आहेत, त्यांत सतरा पोरं. ज्यांचा ज्यांचा त्या मुलीशी संबंध आला त्यांना आजच औषध सुरू करायला पाहिजे. इंजेक्शन देऊ का तोंडानं देऊ?"

"म्हणजे पेनिसिलिन का एरिथ्रो?"

"हां. पेनिसिलिन एकदा टोचलं की काम फत्ते. पण रिअ‍ॅक्शन आली तर त्या माळावर मी एकटा, ताई. ऑक्सिजनचं नळकांडंसुद्धा नाही. एरिथ्रो चालत असेल तर गोळ्या आणि बाटल्या वाटतो. सात दिवस, दिवसातून चार वेळा."

"चालतंय," मी म्हणाले. "माझ्यापुढंच आहे प्लेट. चांगलं रिंगण आलंय."

"नक्की?"

"शिंगाडे सर, डोळ्यानं बघतेय."

"मग देव पावला. बाटल्याच वाटतो."

वस्तीवर सगळ्यांना लसही टोचली, पण लसीचं बळ अंगात यायला आठवडे लागतात. तोवर आडवं उभं राहणार होतं ते बाटलीतलं औषध. हौसाला बिजलीसाठी दोन बाटल्या आणि एक प्लास्टिकचं टोपण मिळालं.

पुढच्या मंगळवारी धुळा आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी आला, पण मेंढी नव्हती. कॅरिअरवर हौसा होती आणि तिच्या मांडीवर, पटक्यात गुंडाळलेली, बिजली.

वॉर्डातल्या सिस्टर मोघे तोंडानं फटकळ. त्यांनी बिजलीचा घसा पाहिला आणि आधी हौसाकडे वळल्या. "अगं, औषध दिलं होतं ना हिला? मग हे काय?"

"दिलं की."

"सगळं? सात दिवस?"

हौसानं बिजलीला पटक्यात नीट गुंडाळलं. मग म्हणाली, "एक डाव वकली ती. चौथ्या दिशी. परत द्यायचं का न्हाई, मला कळलं न्हाई. मंग त्या डावाचं न्हाई दिलं."

"झालं!" सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला सांगून सांगून आमच्या जिभा झिजल्या. आणि आणलीत कधी? घसा कधीपासून दुखतोय?"

"तीन दिस झालं. म्या म्हनलं, औषिद तर झालंया. आता कशाचं भ्या? पडसं आसंल."

धुळा भिंतीला टेकून उभा होता. सगळ्या वॉर्डादेखत तो बायकोला म्हणाला, "तुला एवढं बी जमलं न्हाई व्हय गं? मेंढराच्या कोकराला बांबूच्या नाळीनं औषिद पाजतीस न्हवं? पोटच्या पोरीला पाजता आलं न्हाई?"

हौसानं मान खाली घातली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी बिजलीच्या कागदावर लिहिलं: प्रतिबंधक औषध अपुरं घेतलं. तो कागद माझ्या टेबलापर्यंत आला तेव्हा मीही तो वाचला आणि, आज एकवीस वर्षांनी लिहिताना बोट जड होतंय, पण मलाही हौसाचा रागच आला. एवढं रिंगण आलं होतं. एवढं चांगलं औषध. आणि ह्या बाईनं…

बिजलीच्या घशातली काडी मी प्लेटवर फिरवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ठिपके बारीक होते. सुंदराच्या प्लेटवरचा तो टपोरेपणा नव्हता, कडेच्या पाकळ्या नव्हत्या. मोहरीपेक्षाही बारीक, चकचकीत, गोल गोल दाणे. वाटलं, प्लेट नीट झाली नसेल, भूक राहिली असेल जंतूंची. तरी एक उचलला आणि चकत्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं. पेनिसिलिनला रिंगण होतं. एरिथ्रोमायसिनची चकती जंतूंनी चहूबाजूंनी वेढली होती, अगदी अंगाला अंग लावून. जणू ती चकती नव्हतीच तिथं.

मी शीतपेटीतून सुंदराची जुनी प्लेट काढली. अशा प्लेटा आम्ही टाकून देत नाही. साहेबांचा नियमच होता. कडा सुकून आत वळल्या होत्या. खिडकीशी गेले आणि ह्या वेळी टपोरे ठिपके सोडून त्यांच्या मधल्या जागा पाहिल्या. होते. एक, दोन, चार… मोठ्यांच्या आडोशाला बसलेले, चकचकीत, गोल बारीक दाणे. पहिल्या दिवसापासून तिथंच होते. एका मुलीच्या एका घशात एकाच रोगाच्या दोन जाती शेजारी शेजारी राहत होत्या. एक औषधानं मरणारी आणि दुसरी न मरणारी. मी जिला विचारलं, तिनं खरं उत्तर दिलं. जिला विचारायचं, तिला विचारलंच नाही.

नायकवडी साहेबांच्या खोलीत दोन्ही प्लेटा घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.  मग आधी वॉर्डात फोन लावला, "बिजली बंडगर. एरिथ्रो बंद, पेनिसिलिन सुरू. आत्ता." मग शिंगाडेंना: "सगळ्या वस्तीला इंजेक्शन द्या. मी ऑक्सिजन घेऊन माणूस पाठवतो." मग फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"बस, कुमुद."

"सर, मी फोनवर सांगितलं त्यांना. नक्की म्हणून सांगितलं."

"मीसुद्धा हेच सांगितलं असतं. एक कॉलनी उचलतात. मी तुला तसंच शिकवलंय. मला माझ्या सरांनी तसंच शिकवलं."

"त्या बाईच्या कागदावर 'अपुरं घेतलं' लिहिलंय."

"आधी पोरगी वाचू दे," साहेब म्हणाले. "मग बघू."

आणि पोरगी वाचते आहे असं वाटू लागलं. विषावरचा उतारा आता इस्पितळात होता. तो दिला गेला. पाचव्या दिवशी पापुद्रा सुटून आला. बिजली दूध प्यायली, बिस्किट मागू लागली, सिस्टर मोघ्यांना "ए म्हातारे" म्हणाली आणि सिस्टर सगळ्या वॉर्डाला ते कौतुकानं सांगत सुटल्या. मी रोज जाऊन यायचे. हौसा कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली असायची आणि पोरीच्या पायावरून हात फिरवत अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणायची,

*येलाला दोन कळ्या, एक तोडिली येरवाळी*
*दुसरी ठेव रे मालका, माझ्या पदराच्या डहाळी*

मला पाहिलं की थांबायची. "काय न्हाई ताई. उगं आपलं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवून जायचे. पोर बरी होतेय, कशाला आता तिच्या आईच्या जिवाला घोर, असं म्हणून परत यायचे. माझ्याच जिवाचा घोर मी तिच्या नावावर मांडत होते.

घटसर्प घशातनं गेला तरी त्याचं विष काळजात बसतं. उशीर झाला असेल तर उताराही तिथवर पोचत नाही. अकराव्या दिवशी सकाळी बिजली पाणी प्यायला उठून बसली, पेला हातात घेतला आणि मागं कलंडली. पेला फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिला, असं सिस्टर म्हणाल्या. मी पोचले तेव्हा धुळानं तिला पटक्यात गुंडाळलं होतं. हौसा रडत नव्हती. ती आपली फरशीवरचं पाणी पदरानं टिपत होती.

वस्तीवर पुढं कुणाला काही झालं नाही. त्रेचाळिसातली बेचाळीस माणसं पेनिसिलिननं वाचली. साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात दोन जाती सापडल्याचं लिहिलं, औषधाला दाद न देणारी जात लिहिली. पण बिजलीच्या नावापुढचं "औषध अपुरं घेतलं" तसंच राहिलं.

"ते खोटं नाही ना," साहेब म्हणाले. "एक डोस गेला होताच."

"पण त्यानं काही झालं नाही, सर."

"कुमुद, तो कागद आता कपाटात जाणार. तो कोण वाचतंय? आणि तू सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

ते वाईट माणूस नव्हते. पुढं प्रयोगशाळेत त्यांनीच नवा नियम केला: ठिपक्यांच्या जितक्या तऱ्हा दिसतील तितक्या उचलायच्या. ते दोन्ही जंतू त्यांनी थंड पेटीत जपूनही ठेवले. तीन वर्षांमागं पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतल्या मुलीनं ते मागवून नेले, त्यांची जनुकं वाचली आणि मला फोन केला. "मॅडम, कमाल आहे. ह्या दोन जाती सख्ख्या बहिणी तर नाहीतच, चुलतसुद्धा नाहीत. कुठून कुठून आलेल्या, आणि एका घशात भेटल्या. किती सुंदर नमुना आहे हा!" मी तिला "हो" म्हणाले. ती तेव्हा बिजलीएवढी तरी होती का, कोण जाणे.

बिजली गेल्यावर पंधरवड्यानं शिंगाडे कामासाठी आमच्याकडे आले होते. जाता जाता म्हणाले, "त्या बंडगराच्या घरात अवघड झालंय, ताई. तो बायकोच्या हातचं खाईना. चुलत्याकडे जेवतो. वस्तीवरच्या बायका तिला बोलवत नाहीत. पोर मारली म्हणतात, औषध न देता."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं गेले. फाट्यावर उतरून अडीच-तीन किलोमीटर चालावं लागलं. माळावर ऊन चढलं होतं. मनात शब्द जुळवत होते. वाटत होतं, मी आज एका बाईच्या डोक्यावरची धोंड उतरवायला चालले आहे. माझी नोकरी गेली तरी जाऊ दे. हेही वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

हौसा घरापुढच्या बाभळीखाली लोकर पिंजत बसली होती. धुळा पलीकडे दावणीशी, दोर वळत. मला पाहून तो उठला. "या रगतवाल्या बाई," म्हणाला, पण त्यात हसू नव्हतं. मला बसायला घोंगडं टाकलं आणि परत आपल्या जागेवर गेला. ऐकू येईल इतक्याच अंतरावर.

"हौसाबाई," मी म्हणाले, "मी एक सांगायला आलेय. बिजली गेली त्यात तुमची चूक नव्हती. माझी होती."

तिचे हात थांबले.

मी सांगितलं. सोपं करून सांगितलं. सुंदराच्या घशात दोन जातींचे जंतू होते. एक ह्या औषधानं मरायचा, दुसरा मरत नव्हता. मी मोठा तेवढा बघितला, बारीक बघितला नाही. तो बारीक बिजलीला लागला. डॉक्टरांनी मला विचारलं, मी म्हटलं, हे औषध चालतंय. ते चालत नव्हतं.

दावणीशी दोर वळणंही थांबलं होतं.

"म्हंजे," हौसा हळू म्हणाली, "ती चौथ्या दिशी वकली, ती वकली नसती तर?"

"तरीही हेच झालं असतं."

"म्या परत दिलं असतं तर?"

"तरीही."

"आन् बाकीचं दिलं ते? सात दिस? चार चार डाव?"

त्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "त्याचाही… त्या जंतूवर काही उपयोग नव्हता, हौसाबाई."

"पानीच पाजत हुते म्हना की म्या."



धुळा उठून आला. माझ्यासमोर उभा राहिला, मग बायकोकडे वळला. त्याच्या तोंडावरचं काहीतरी सुटलं होतं. त्यानं डोळ्याला पटका लावला. "ऐकलंस न्हवं?" तो म्हणाला. आवाज ओला होता. "तुझं काय न्हवतं त्यात. मीच येडा. चल. उठ. भाकरी कर. ताईला बी वाढ. मी बी जेवतो." आणि तो उंबऱ्याशी जाऊन, पाय दुमडून, जेवायला बसतात तसा बसला.

हौसा उठली नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"लई कडू हुतं ते," ती म्हणाली. "म्या चाखून बघितलं हुतं. जीब आखडायची. पोर त्वांडच उघडंना. म्या नाक दाबायची. तवा उघडायची. गुडघ्यात धरायची तिला, ही मेंढरं धरतो तशी. दोन दिस तसं चाललं. तिसऱ्या दिशी मला बघितलं की पळायलाच लागली. कनगीमागं जाऊन बसायची. वढून काढली. म्हनली, आये, नगं गं, मी तुजं समदं ऐकीन, तेवढं नगं. मंग म्या हानली. त्वांडावर. पाची बोटं उठली गालावर. तवा प्याली. मंग रोज हानायची. चार डाव."

"हौसाबाई…"

"ती रुसली हुती माझ्यावर. दवाखान्यात बी बापाकडं बघायची, माझ्याकडं न्हाई. म्या म्हनायची, आसू दे. वाचंल, मोठी हुईल, तवा तिला कळंल आयनं का मारलं." तिनं लोकरीचा पुंजका उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "ती गेली तरी म्या मनाला म्हनायची, मारलं ते मारलं, पर जगवाया मारलं. एक डाव चुकलं, बाकीचं तर औषिदच पाजलं."

ऊन बाभळीतून खाली उतरत होतं. एक कोकरू येऊन तिच्या मांडीशी तोंड घासू लागलं. तिनं त्याला हाकललं नाही, जवळही घेतलं नाही.

"तुमी शिकलेल्या हाय, ताई," ती म्हणाली. "सांगा मला. पाच दिस म्या तिला कशापायी मारलं?"

उंबऱ्याशी धुळा भाकरीची वाट बघत बसला होता. तिनं उजवा हात पदराखाली घेतला, आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसून राहिली.